पाटबंधारे खात्याचं जंगल

मे महिना लागला की बॉस्टनच्या आसपासच्या मराठी घरांत दोन गोष्टी एकदम उगवतात. अंगणात डँडेलियन आणि दिवाणखान्यात आई-बाबा. डँडेलियनचं काय करायचं ते शेजारी सांगतात. आई-बाबांचं शनिवार-रविवारी काय करायचं, हा प्रश्न मात्र श्रूसबरी, वेस्टबरो, ॲक्टन, बर्लिंग्टन अशा गावोगावी दरवर्षी नव्याने पडतो. पहिल्या शनिवारी हार्वर्ड दाखवून होतं. दुसऱ्या शनिवारी ॲशलंडचं लक्ष्मीचं देऊळ होतं. तिसऱ्या शनिवारी मुलगा म्हणतो, "बाबा, आज हाइकला जाऊ या."

"कुठला किल्ला?"

किल्ला नाही. देऊळही नाही. जंगल आहे, तळं आहे, लहानसा धबधबा आहे, एक पडकी गिरणी आहे आणि मग फिरून पुन्हा पार्किंग आहे. वर चहा मिळतो का? वर असं काही नाहीच. चहा थर्मासमधून न्यायचा.

"मग उपयोग काय?"

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या बाबांचा हा प्रश्न ऐकून मुलगा डोळे मिटून घेतो. निसर्ग, शांतता, मोकळी हवा वगैरे तो सांगू लागतो. बाबा ऐकतात, पण सरकारी माणूस अर्ज ऐकतो तसं. गंमत अशी, की या वादात इतिहास सपशेल बाबांच्या बाजूने उभा आहे. न्यू इंग्लंडच्या रानवाटांवर दिसणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू कुणीतरी 'उपयोग काय?' असं विचारूनच तिथे ठेवलेली किंवा वापरलेली आहे. निसर्ग त्या जागी नंतर राहायला आला.

मराठी माणसाला चालायला कारण लागतं. सह्याद्रीत ते आपोआप मिळतं. सिंहगड चढला की वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही आणि शिवाय तानाजी. कळसूबाई चढली की देवीचं दर्शन, वर १६४६ मीटरवर काढलेला फोटो. न्यू हॅम्पशायरमधला माउंट मोनॅडनॉक हा जगात सर्वाधिक माणसं चढतात अशा डोंगरांत गणला जातो. त्याची उंची ९६५ मीटर, म्हणजे सिंहगडापेक्षाही कमी. माथ्यावर देवी नाही, दही नाही, निदान शेंदूर फासलेला एखादा दगड म्हणाल तर तोही नाही. नुसता उघडाबोडका खडक. तो उघडा पडला त्याचंही कारण शेतीच. १८२० च्या सुमारास, वरच्या रानात लांडगे लपतात म्हणून शेतकऱ्यांनी ते पेटवून दिलं, असं तिथे सांगतात. रान गेलं, मग मागून माती गेली, आणि आता लोक रांगेने चढून त्या उघड्या खडकावरून देखावा बघतात.

सपाट जंगलात हाच प्रकार पायाखाली येतो. ट्रेल सुरू होऊन दहा मिनिटं होतात न होतात तोच बाबा थांबतात. समोर कमरेएवढा दगडी गडगा, चुना नाही, सिमेंट नाही, एकावर एक रचलेला. तो ओक आणि मेपलच्या झाडीतून सरळ निघून जातो आणि पलीकडे दिसेनासा होतो.

"हा बांध कुणाचा?"

"कुणाचा नाही, बाबा."

कुणाचाच नसलेला बांध बाबांनी आयुष्यात पाहिलेला नाही. जिथे अर्ध्या फुटाच्या बांधावरून दोन पिढ्या तालुक्याच्या कोर्टात हेलपाटे घालतात, तिथून आलेल्या माणसाला हे दृश्य जवळजवळ अश्लील वाटतं. आणि असा बांध एक नाही. एका जुन्या अंदाजानुसार न्यू इंग्लंड आणि शेजारच्या भागात मिळून अशा गडग्यांची लांबी २,४०,००० मैल भरत होती. पृथ्वीपासून चंद्राचं सरासरी अंतर साधारण तेवढंच आहे. हिमयुगातल्या हिमनद्यांनी जाताना इथल्या जमिनीत दगड पेरून ठेवले. शेतकऱ्याने ते वेचावेत, बांधावर रचावेत, आणि पुढच्या हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीने खालचे नवे दगड वर ढकलावेत, असं पिढ्यान् पिढ्या चाललं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेरिनो मेंढ्यांचं वेड आलं आणि उरलेल्या टेकड्याही कुरणांसाठी मोकळ्या झाल्या. १८२५ मध्ये ईरी कालवा उघडला, तेव्हा पश्चिमेला बिनदगडाची काळीभोर जमीन आहे ही बातमी खरी ठरली. शेतकऱ्यांनी हिशेब केला, गाडी जुंपली आणि ते निघून गेले. मागे गडगे राहिले आणि शेतात झाडं उगवली. आज न्यू हॅम्पशायरचा ८० टक्क्यांहून अधिक भाग जंगल आहे. मुलगा ज्याला अस्पर्श निसर्ग म्हणून दाखवतो आहे, ते सगळं सातबाऱ्यावर पडीक म्हणून नोंदवण्यासारखं आहे.

एवढ्यात आईने वेगळाच शोध लावलेला असतो. वाटेच्या कडेला, झाडाच्या बुंध्याला बिलगून तीन-तीन पानांची कोवळी, तुकतुकीत वेल. त्रिदळ! सोमवारच्या पूजेला बेल मिळत नाही म्हणून महिनाभर चुटपुट लागलेली आई हात पुढे करते, आणि सूनबाई किंचाळते, "आई, नको!" ती पॉयझन आयव्ही असते. तिच्या रसाने अंगावर जे पुरळ उठतं, ते आठवडा-दोन आठवडे माणसाला नामस्मरणाला लावतं. त्यानंतर सूनबाई घाईघाईने सगळ्यांच्या पँटा मोज्यांत खोचायला लावते. या गवतातल्या गोचिडीपासून लाइम नावाचा आजार होतो, आणि त्याला नावही इथल्याच, कनेक्टिकटमधल्या लाइम गावाचं. १९७५ च्या सुमारास तिथल्या मुलांचे सांधे एकाएकी का सुजू लागले याचा तपास झाला, त्यातून हा आजार ओळखला गेला. "गोचीड म्हशीला असते," एवढं बोलून बाबा पँट मोज्यांत खोचतात. या वेषात ते हुबेहूब मोजणीला निघालेल्या सर्कल इन्स्पेक्टरसारखे दिसू लागतात आणि त्यांचा उत्साहही त्याच प्रमाणात वाढतो.

या जंगलात हरवणं अवघड, कारण झाडांच्या खोडांवर रंगाचे आयताकृती पट्टे मारलेले असतात. अ‍ॅपलाचियन ट्रेल या प्रसिद्ध लांब वाटेचा पट्टा पांढरा, दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच. ती वाट १९३७ मध्ये पुरी झाली आणि तिची लांबी २,१९० मैलांच्या वर आहे. कनेक्टिकटमधल्या निळ्या पट्ट्यांच्या वाटा १९२९ पासूनच्या, आठशे मैलांहून अधिक. पट्ट्यावर पट्टा दिसला की पुढे वळण आहे असं समजायचं. नातवंडांना हा खेळ वाटतो. बाबांना ते खात्याचं काम वाटतं. दर पट्ट्यापाशी ते 'बरोबर' म्हणतात. एखादा पुसट झालेला दिसला तर 'मेंटेनन्स नाही' असा शेरा मारतात.

मग ओढ्याचा आवाज येतो आणि हाइक खऱ्या अर्थाने बाबांच्या ताब्यात जाते.

वूस्टरजवळ, पॅक्स्टन गावात मूर स्टेट पार्क आहे. मराठी कुटुंबं तिथे जातात ती मुख्यतः मे-जूनमध्ये फुलणाऱ्या अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉनसाठी, म्हणजे फोटोंसाठी. पण ती बाग वसली आहे अठराव्या शतकातल्या एका गिरणीवस्तीच्या अवशेषांवर. टर्की हिल नावाचा ओढा इथे सुमारे ४०० फुटांच्या पल्ल्यात ९० फूट उतरतो. धबधबा म्हणून पाहिला तर त्याच्यात काही दम नाही. "याच्यापेक्षा मोठा आंबोलीला एसटीच्या खिडकीतून दिसतो," हे बाबांचं मत कुणालाही खोडता येणार नाही. पण ९० फुटांचा उतार म्हटल्यावर मात्र त्यांचा स्वर बदलतो. वर तळं आहे ते देवाने केलेलं नाही, बंधारा घालून अडवलेलं आहे, हे ते काठावरून एकदा नजर फिरवून ओळखतात. बंधाऱ्यापासून निघालेला दगडी पाट, पाटाच्या तोंडाशी दरवाजाची खाच, खाली चाकाची जागा, आणि काम झालेलं पाणी पुन्हा ओढ्यात सोडणारी वाट. त्याखाली दुसरी गिरणी, तेच पाणी, दुसरं काम. एक ओढा कुठे धान्य दळायचा, कुठे लाकूड कापायचा. इथली एक लाकूडगिरणी अजून उभी आहे.

"पाणचक्की," बाबा म्हणतात, आणि पाठोपाठ छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की, डोंगरातल्या झऱ्यापासून मातीच्या नळांतून आणलेलं तिचं पाणी आणि दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांसाठी होणारं दळण असं सगळं सुरू होतं. शाळेच्या सहलीत ज्या नातवाला हे बघायला मिळालं नाही, त्याला ते आता मॅसॅच्युसेट्सच्या जंगलात, तोंडी, उभ्याने ऐकावं लागतं.

गिरणीचं जातं हा आईचा विषय. तळीचे खाचे झिजले की पीठ जाड पडतं, मग टाकी लावून घ्यायची, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. वॉशिंग्टनच्या काळातला न्यू इंग्लंडचा गिरणीवालाही तेच करायचा. फक्त त्याची तळी पाच-सहाशे किलोंच्याही वर जायची. दळणावळ तो पैशांत घेत नसे, धान्यातच कापून घ्यायचा. मॅसॅच्युसेट्समध्ये कायद्याने मक्याचा सोळावा हिस्सा ठरवून दिलेला होता. कायदा करावा लागला, यावरूनच बिनकायद्याचा गिरणीवाला किती कापत असेल ते आईला कळतं. "आमच्याकडेही पिशवी नेहमी हलकीच यायची," ती म्हणते.

जुनी गिरणी नीट, फिरत्या चाकासकट पाहायची असेल तर सडबरी गावी वेसाइड इनजवळची बघावी, असं सगळे सांगतात. दगडी भिंती, लाल चाक, तळ्यावरून येणारं पाणी. कॅलेंडरवर शोभावी अशी. ही गिरणी १९२९ सालची आहे. ती बांधली मोटारींच्या हेन्री फोर्डने. जगाला घोड्यावरून उतरवून मोटारीत बसवल्यावर त्याला घोड्याच्या काळाची फार आठवण येऊ लागली, म्हणून त्याने आधी ती जुनी खाणावळ विकत घेतली आणि मग शेजारी 'जुनी' गिरणी उभारली. जंगलातल्या खऱ्या जुन्या गिरण्या पडून गेल्या आणि ही दळते आहे. तिथलं पीठ विकतही मिळतं.

खऱ्या गिरण्या कशा पडल्या, याची सर्वांत रंगतदार हकीकत कनेक्टिकटमध्ये हेब्रनजवळच्या गे सिटी स्टेट पार्कमध्ये ऐकायला मिळते. १७९६ मध्ये एलायजा अँड्रस नावाच्या गृहस्थाच्या मागून एक धार्मिक पंथ इथे येऊन राहिला. पुढे गे आडनावाची माणसं वस्तीत बहुसंख्य झाली आणि तेच नाव पडलं. आठवड्यातून दोनदा प्रार्थनासभा असायची, आणि हजेरी वाढावी म्हणून सभेत दारू दिली जायची. हजेरी वाढली. मारामाऱ्याही वाढल्या. आपल्याकडच्या कित्येक मंडळांना वर्गणीच्या अडचणीवर हा तोडगा सुचला नसेल असं नाही, पण तो ठरावात कुणी मांडलेला नाही. वस्तीची लोकरीची गिरणी १८३० मध्ये जळाली. नंतर कागदाची गिरणी आली, ती १८७९ मध्ये जळाली. माणसं पांगली, आणि १९४४ मध्ये जागा राज्याकडे गेली. आता तिथे तळघरांचे खड्डे, लांबच लांब पाट, छोटं कब्रस्तान आणि पोहायचं तळं आहे. बाबांना पाटाचा उतार आवडतो. तो अजून वाहू शकेल, असं त्यांचं मत पडतं.

तळ्यांचा राजा म्हणजे कॉनकॉर्डचं वॉल्डन. हेन्री डेव्हिड थोरो ४ जुलै १८४५ रोजी इथल्या झोपडीत राहायला आला आणि दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस राहिला. दुर्गा भागवतांनी त्याचं पुस्तक 'वॉल्डनकाठी विचारविहार' म्हणून मराठीत आणलं, त्यामुळे मराठी घरात या तळ्याबद्दल आधीपासून आदर असतो. थोरो म्हणजे एकांतातला ऋषी, अशी मुलाची समजूत. बाबा पाटीवरची माहिती वाचतात आणि त्यांना वेगळाच माणूस सापडतो. झोपडीचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट, खिळ्यांसकट मांडलेला. घेवड्याच्या शेतीतून निव्वळ नफा ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. तळ्याला तळ नाही असं गाव म्हणत होतं, तेव्हा १८४६ मध्ये या पठ्ठ्याने दोरीला दगड बांधून खोली मोजली: १०२ फूट. नंतरच्या उपकरणांनाही तेवढीच भरली. आणि पोटासाठी हा माणूस जमिनीची मोजणी करायचा.

"म्हणजे सर्व्हेअर होता!" बाबा म्हणतात. मुलाने कॉलेजात असताना वाचलेला सगळा थोरो त्या एका वाक्याने पाटबंधारे खात्यात बदली होऊन जातो.

या तळ्याचा मुंबईशी धंद्याचा संबंध होता, हे मात्र बाप-लेक दोघांनाही ठाऊक नसतं. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने इथल्या तळ्यांवरचा हिवाळ्यातला बर्फ कापून जहाजाने विकायचा उद्योग काढला. १८३३ मध्ये त्याचा १८० टन बर्फ कलकत्त्याला निघाला. चार महिन्यांचा प्रवास आणि दोनदा विषुववृत्त ओलांडून सुमारे १०० टन पोहोचला. बर्फ टिकवायचा तो लाकडाच्या भुश्यात. भुसा कुठला, तर ओढ्याओढ्यावरच्या लाकूडगिरण्यांत फेकून द्यायचा तो. म्हणजे तळ्यातलं पाणी फुकट, थंडी फुकट, आणि वेष्टन म्हणून गिरणीचा कचरा. मग मुंबईतही बर्फ आला. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली आणि 'मुंबई समाचार'ने ती बातमी छापली, असं सांगतात. पुढे १८४६-४७ च्या हिवाळ्यात बर्फ कापणाऱ्यांची शंभरेक माणसांची टोळी थेट वॉल्डनवर उतरली, तेव्हा शेजारी थोरो राहतच होता. त्याच्या पुस्तकात या तळ्याचं पाणी पिणाऱ्या शहरांमध्ये मुंबईचं नाव आहे. हे कळल्यावर बाबा तळ्याकडे पुन्हा एकदा, या वेळी ग्राहकाच्या नजरेने पाहतात.

ओढे मोठे झाले तशा गिरण्या मोठ्या झाल्या. वूस्टरहून प्रॉव्हिडन्सकडे जाणारी ब्लॅकस्टोन नदी ४६ मैलांत ४३८ फूट उतरते, आणि त्या उताराचा फूट न् फूट कुणीतरी वापरलेला आहे. तिच्या खालच्या टोकाला, पॉटकेटमध्ये, सॅम्युअल स्लेटरने १७९० मध्ये पाण्यावर सूत काढून दाखवलं. इंग्लंडमधून यंत्रांचे नकाशे बाहेर न्यायला आणि कारागिरांना देश सोडायला बंदी होती, म्हणून त्याने सगळी यंत्रं डोक्यात साठवून आणली. अमेरिकेत तो उद्योगाचा जनक ठरला; डर्बीशरमधल्या त्याच्या गावाने त्याला गद्दार ठरवलं. त्याचे पहिले कामगार म्हणजे सात ते बारा वर्षांची नऊ मुलं. पुढे या गिरण्यांना लागणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांच्या घामाचा होता. यादवी युद्धात तो अडला तेव्हा मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईतले कित्येक शेठ एका रात्रीत भुईला टेकले. गिरण्यांची गोष्ट गिरणगावातल्या माणसाला इथे कुणी भाषांतर करून सांगावी लागत नाही. मुंबईत पडक्या गिरणीच्या जागी मॉल येतो. इथे झाडं येतात, एवढाच काय तो फरक.

दुपारी तळ्याकाठच्या बाकावर डबा उघडतो. तिखटामिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग. शेजारून जाणारे गोरे हाइकर मूठभर सुकामेवा खात खात 'हाय' म्हणतात. एवढ्याशा खाण्यावर हे लोक चालतात कसे, याचं आईला फार वाईट वाटतं. आणलेला प्रत्येक कागद परत न्यायचा असतो, त्यासाठी सूनबाईने वेगळी पिशवी आणलेली असते. कांद्याच्या सालीसुद्धा तिच्यात जातात. "जंगलात साल टाकली तर जंगलाला काय होतंय?" हा वाद पिशवीला गाठ मारेपर्यंत चालतो.

बाबांना खरा धक्का बसतो तो पुढे. आता इथली सरकारं जुने, निकामी बंधारे पैसे खर्चून फोडतात, हे त्यांना कळतं तेव्हा. मेनमधल्या केनेबेक नदीवरचं १८३७ सालचं एडवर्ड्‌स धरण, १ जुलै १९९९ रोजी, मालकाची इच्छा नसताना फोडलं गेलं. कशासाठी? माशांसाठी. एलवाइफ जातीचे मासे समुद्रातून नदीत अंडी घालायला चढतात, धरणाने त्यांची वाट अडली होती. धरण गेल्यावर ते लाखांनी परतले.

"धरण बांधायला किती वर्षं लागतात, माहीत आहे का यांना?" बाबा विचारतात. सर्व्हे, मंजुरी, टेंडर, पुनर्वसन, दुसरं टेंडर. अशी गोष्ट कुणी हौसेने फोडावी, हे त्यांच्या नोकरीत बसत नाही. त्या रात्री ते नीट जेवत नाहीत.

म्हणून पुढच्या शनिवारी मुलगा त्यांना बॉस्टनजवळच्या मिस्टिक नदीवर नेतो. इथलं धरण फोडलेलं नाही. माशांना चढायला त्याच्या कडेने जिना बांधला आहे. हा तोडगा बाबांना मान्य होतो. वसंतात इथे स्वयंसेवक उभे राहून वर चढणारे मासे मोजतात. एका वेळी दहा मिनिटं. वेळ लिहायची, पाण्याचं तापमान लिहायचं, आकडा लिहायचा. हातात कागद आणि पेन्सिल आल्याबरोबर बाबांची पाठ ताठ होते. नातू बोट दाखवून मोठ्याने मोजतो, त्याला गप्प केलं जातं. बत्तीस, तेहतीस, चौतीस. चौतिसावा मासा जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत जातो, थबकतो आणि प्रवाहाबरोबर खाली येतो.

"हा वजा करायचा का रे?" बाबा विचारतात. मुलाला माहीत नसतं. शेजारच्या स्वयंसेविका बाईंनाही आधी प्रश्न कळत नाही. कळल्यावर त्या फॉर्म उलटून पाहतात. तेवढ्यात तोच मासा, की दुसराच कुठला, पुन्हा वर येतो, आणि बाबा समासात बाण काढून शेरा लिहू लागतात.